रंगस्वामी नरसिंहन

रंगस्वामी नरसिंहन (१७ एप्रिल १९२६ – ३ सप्टेंबर २००७) हे भारतीय संगणकशास्त्रज्ञ व बोधनशास्त्राचे अभ्यासक होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेल्या 'टिफ्रॅक' या भारतीय बनावटीच्या पहिल्या सर्वोपयोगी इलेक्ट्रॉनिक अंकीय संगणकाच्या निर्मितीत त्यांचा प्रमुख वाटा होता. आकृत्यांचे वर्णन व्याकरणाच्या साहाय्याने करण्याच्या पद्धतीचे ते आद्य प्रवर्तक मानले जातात. भारतीय संगणक समाज या व्यावसायिक संस्थेचे ते पहिले अध्यक्ष होते. भारत सरकारने १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

शिक्षण

नरसिंहन यांचा जन्म तेव्हाच्या मद्रास इलाख्यात झाला. मद्रासजवळच्या गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी दूरसंचार अभियांत्रिकीची पदवी घेतली. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेले. कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेतून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी मिळवली व नंतर इंडियाना विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट घेतली. अभियांत्रिकी व शुद्ध गणित या दोन्ही शाखांचे शिक्षण झालेले असल्याने परिपथ आणि तर्करचना हे संगणकाचे दोन्ही अंश त्यांच्या अभ्यासाच्या कक्षेत येत होते. १९५४ मध्ये ते भारतात परतले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले.

पार्श्वभूमी

होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत विश्वकिरणांच्या संशोधनासाठी लागणारी बरीचशी इलेक्ट्रॉनिक उपकरणे तेथेच तयार केली जात. त्यामुळे निर्वात नलिकांचे परिपथ जुळवणारे कुशल मनुष्यबळ संस्थेत उपलब्ध होते. गणनयंत्रांविषयीचे कुतूहलही तेथे आधीपासून होते. संस्थेतील गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंड व अमेरिकेत गणनयंत्रांचा अभ्यास करण्यासाठी गेले होते.

त्या सुमारास भारतात संगणक मिळवण्याचे दोन मार्ग होते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने पहिला मार्ग स्वीकारला. तिने १९५५ मध्ये ब्रिटनकडून 'एचईसी-२एम' हे यंत्र विकत आणून बसवले. पुढे सोव्हिएत संघाकडून 'उराल' हे यंत्रही तेथे आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने संगणक स्वतः बांधण्याचा दुसरा मार्ग निवडला. उपकरण विभागाचे डी. वाय. फडके यांच्या देखरेखीखाली एक लहान गट तयार झाला आणि नरसिंहन त्यात दाखल झाले. पुढे ध्वनी व वाणी यांच्या संगणकीय अभ्यासासाठी प्रसिद्ध झालेले पी. व्ही. एस. राव हेही या गटात होते. गटातील बहुतेक तरुणांचे शिक्षण भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स या विषयांत झालेले होते आणि त्यांनी तोवर संगणक हाताळलेलाही नव्हता.

आराखड्याचा शोध

या गटापुढे आदर्श होता तो प्रिन्स्टन येथील उच्च अध्ययन संस्थेच्या यंत्राचा. आर्थर बर्क्स, हर्मन गोल्डस्टाइन व जॉन फॉन नॉयमन यांनी १९४६ मध्ये या यंत्राच्या तर्करचनेवर एक अहवाल लिहिला होता आणि तो जगभरच्या संशोधकांना मुक्तपणे उपलब्ध करून देण्यात आला होता. ४० द्विमान अंकांचा, म्हणजे बिटांचा, एक शब्द आणि एका शब्दात २० बिटांच्या दोन आज्ञा, ही त्या यंत्राची मांडणी होती. या अहवालाच्या आधारे इलिनॉय विद्यापीठात 'इलिअ‍ॅक', स्वीडनमध्ये 'बेस्क', इस्राएलमध्ये 'वायझॅक' अशी अनेक यंत्रे निर्माण झाली. त्यांतील काहींना तयार मदत मिळाली होती. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाच्या 'सिलिअ‍ॅक'साठी इलिनॉयचे आराखडे उपलब्ध होते. वायझॅकच्या निर्मितीचे नेतृत्व प्रिन्स्टनच्या यंत्रावर प्रत्यक्ष काम केलेले जेराल्ड एस्ट्रिन यांच्याकडे होते. मुंबईच्या गटाचा आधार मुख्यतः छापील अहवाल व शोधलेख हाच होता.

अशा अहवालांत यंत्राने काय करावे आणि तसे का करावे हे सांगितलेले असते. कोणत्या नलिकेच्या कोणत्या टोकावर किती व्होल्ट असावेत, एक संकेत दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यास लागणारा विलंब कसा सामावून घ्यावा, जुनी होत जाणारी नलिका चूक करण्यापूर्वी कशी ओळखावी, या बाबी वाचणाऱ्यालाच शोधून काढाव्या लागतात. तयार यंत्र उघडून त्याची रचना उलगडणे याला उलट अभियांत्रिकी म्हणतात. मुंबईत उघडण्यासाठी यंत्रच समोर नव्हते. दुसऱ्यांनी बांधलेल्या यंत्रांच्या वर्णनावरून त्यांची रचना मनात उभी करणे आणि मग ती प्रत्यक्षात आणणे असे या कामाचे स्वरूप होते. संपूर्ण यंत्राची तर्कशुद्ध मांडणी करण्यात नरसिंहन यांच्या गणिती शिक्षणाचा उपयोग झाला.

गटाने प्रथम एक लहान प्रायोगिक यंत्र बांधले. त्याची शब्दलांबी व स्मृती दोन्ही पूर्ण यंत्राच्या मानाने पुष्कळ कमी होती. मोठ्या गणना करण्यापेक्षा तर्करचना व परिपथ बरोबर आहेत की नाहीत हे पडताळणे हा त्याचा हेतू होता. हे यंत्र १९५६ च्या अखेरीस चालू झाले. त्यानंतर १९५७ मध्ये पूर्ण यंत्राचे काम हाती घेण्यात आले.

टिफ्रॅक

पूर्ण यंत्र १९५९ मध्ये जुळवून झाले आणि चाचण्यांनंतर फेब्रुवारी १९६० मध्ये वापरात आले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. मुख्य यंत्र १८ फूट लांब, अडीच फूट रुंद व ८ फूट उंच अशा पोलादी सांगाड्यात बसवलेले होते. हा सांगाडा प्रत्येकी ४ फूट लांबीच्या विभागांचा केलेला असून परिपथांपर्यंत हात पोहोचावा म्हणून प्रत्येक विभागाला दोन्ही बाजूंनी दारे होती. आज्ञा व आकडे छिद्रित कागदी फितीवरून यंत्रात जात आणि उत्तरे दूरटंकावर छापली जात. याखेरीज ऋण किरण नलिकेचा एक पडदा जोडलेला होता. त्यावर आलेख तसेच अक्षरे व अंक उमटवता येत. त्या काळातील संगणकांत ही सोय फारशी आढळत नसे.

जानेवारी १९६२ मध्ये कुलाबा येथील संस्थेच्या नव्या वास्तूच्या उद्घाटनाच्या सुमारास पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी या यंत्राचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आणि स्वयंचलित गणकयंत्र या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे मिळून हे नाव तयार झाले आहे.

स्मृतीची रचना

टिफ्रॅकची स्मृती हे या यंत्राचे सर्वांत लक्षणीय अंग होते. प्रिन्स्टनचे यंत्र व इलिनॉयचे इलिअ‍ॅक या दोन्हींत माहिती साठवण्यासाठी विल्यम्स नलिका वापरल्या होत्या. दूरचित्रवाणीच्या नलिकेसारख्या या नलिकांच्या पडद्यावर विद्युत्भाराचे ठिपके उमटवून अंक राखले जात. ठिपके लवकर पुसट होत असल्यामुळे ते सतत पुन्हा उमटवावे लागत आणि बाहेरील विद्युत् गोंगाटाचाही त्यांना उपद्रव होई. १९५३ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या 'व्हर्लविंड' या संगणकात फेराइट कड्यांची स्मृती यशस्वी ठरली होती. मुंबईच्या गटाने या नव्या प्रकारची स्मृती निवडली. त्यामुळे तर्करचनेसाठी ज्या यंत्रांकडे आदर्श म्हणून पाहिले, त्यांच्यापासून स्मृतीच्या बाबतीत मात्र फारकत घ्यावी लागली. टिफ्रॅकला इतर यंत्राची नक्कल म्हणता येत नाही, याचे हे एक ठळक कारण आहे.

फेराइटचे कडे म्हणजे लोहयुक्त चुंबकीय पदार्थाचा बारीक मण्याएवढा वाटोळा तुकडा. त्याचे चुंबकन एका दिशेने असेल तर शून्य आणि उलट दिशेने असेल तर एक, असा अर्थ ठरवला जातो. अशी कडी उभ्या व आडव्या तारांच्या जाळीत, प्रत्येक छेदबिंदूवर एक, या रीतीने ओवलेली असतात. चुंबकनाची दिशा बदलण्यास लागणाऱ्या प्रवाहाच्या निम्मा प्रवाह एका उभ्या तारेतून आणि निम्मा एका आडव्या तारेतून सोडतात. दोन्ही तारा जेथे छेदतात त्याच कड्याला पुरेसा प्रवाह मिळतो. बाकीची कडी जशीच्या तशी राहतात. वाचताना कड्यातील अंक पुसला जातो, म्हणून वाचल्याबरोबर तो पुन्हा लिहिण्याची व्यवस्था करावी लागते.

आज्ञेतील पत्ता प्रत्यक्ष तारेपर्यंत कसा पोहोचतो हे उदाहरणाने समजते. १,०२४ शब्दांची स्मृती असेल तर पत्त्यासाठी १० बिट लागतात. त्यांतील ५ बिट ३२ उभ्या तारांपैकी एक निवडतात आणि उरलेले ५ बिट ३२ आडव्या तारांपैकी एक. शब्द ४० बिटांचा असल्यास अशा ४० जाळ्या एकमेकींमागे रचल्या जातात आणि प्रत्येक जाळीतून एक बिट मिळून पूर्ण शब्द तयार होतो. एवढ्या स्मृतीसाठी ४०,९६० कडी लागतात. टिफ्रॅकचा शब्द ४० बिटांचाच होता. एका बाजूने पत्त्याचे बिट घेऊन दुसऱ्या बाजूने योग्य तारेत प्रवाह सोडणारा परिपथ हा अशा स्मृतीचा कळीचा भाग असतो. त्यातील एखादी नलिका निकामी झाली तर एकच शब्द हरवत नाही, त्या तारेवरील सर्व शब्द एकदम चुकीचे येतात. चुकलेल्या पत्त्यांचा क्रम पाहून बिघाड कोठे आहे हे ओळखता येते. जुन्या संगणकांचे आराखडे हरवल्यावर त्यांची स्मृतिव्यवस्था उलगडणारे अभ्यासकही आजवर हीच रीत वापरत आले आहेत. पत्ते एकेक करून बदलायचे आणि कोणती तार जागी होते ते पाहायचे.

टिफ्रॅकमध्ये आज्ञेत लिहिलेला पत्ता हाच स्मृतीतील प्रत्यक्ष जागेचा पत्ता होता. या दोहोंमध्ये भाषांतर करणारी यंत्रणा त्या पिढीच्या संगणकांत नव्हती. ती प्रथम मँचेस्टर विद्यापीठाच्या 'अ‍ॅटलास' या संगणकात आली. टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या व डिसेंबर १९६२ मध्ये सुरू झालेल्या या संगणकात स्मृतीचे ५१२ शब्दांच्या पृष्ठांत विभाजन केले होते. आज्ञेतील पत्ता कोणत्या प्रत्यक्ष पृष्ठाकडे न्यायचा हे ३२ विशेष नोंदकोश ठरवत. त्यामुळे कार्यक्रम लिहिणाऱ्याला थोडी जलद स्मृती आणि मोठे पण मंद चुंबकीय ढोल यांतील भेद विसरून काम करता येऊ लागले. आजच्या संगणकांतील व दूरध्वनींतील आभासी स्मृती याच कल्पनेवर चालते. टिफ्रॅकवर काम करणाऱ्याला मात्र आपला प्रत्येक आकडा कोठे ठेवला आहे याचा हिशेब स्वतः ठेवावा लागे.

उपयोग व मर्यादा

टिफ्रॅकचा उपयोग संस्थेतील शास्त्रज्ञांबरोबरच इतर विद्यापीठे व संशोधन संस्थांतील अभ्यासकांनीही केला. यंत्राच्या अंकी आज्ञांमध्ये कार्यक्रम लिहिणे, तो फितीवर छिद्रांच्या रूपात उतरवणे आणि चूक सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा चालवून पाहणे, ही कामे देशातील अनेक तरुण शास्त्रज्ञ येथे प्रथम शिकले.

तथापि यंत्र पूर्ण होईपर्यंत जग पुढे गेले होते. १९६० पर्यंत अमेरिकेत ट्रान्झिस्टरवर चालणारे संगणक बाजारात आले होते. १९६१ मध्ये मुंबईतच एस्सो या तेल कंपनीत ट्रान्झिस्टरयुक्त 'आयबीएम १४०१' हा संगणक बसवण्यात आला. निर्वात नलिकांचे टिफ्रॅक त्या तुलनेत मंद, अवजड व अल्पस्मृतीचे होते. १९६४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कंट्रोल डेटा कंपनीचा 'सीडीसी ३६००' हा शक्तिशाली संगणक आला. त्यानंतर टिफ्रॅकचे काम संपले आणि १९६० च्या दशकाच्या मध्यात ते थांबवण्यात आले.

इलिनॉय येथील संशोधन

टिफ्रॅक वापरात आल्यानंतर १९६१ ते १९६४ या काळात नरसिंहन इलिनॉय विद्यापीठाच्या अंकीय संगणक प्रयोगशाळेत होते. तेथे ब्रूस मॅकॉर्मिक यांच्या नेतृत्वाखाली 'इलिअ‍ॅक ३' या संगणकाची आखणी चालू होती. बुडबुडा कोठीत उमटणाऱ्या मूलकणांच्या मार्गांची हजारो छायाचित्रे आपोआप तपासणे हे त्या यंत्राचे उद्दिष्ट होते.

या निमित्ताने नरसिंहन यांनी आकृतिबोधाकडे नव्या दृष्टीने पाहिले. तोवरच्या पद्धतींत आकृतीची काही मापे घेऊन ती ठरावीक नमुन्यांशी ताडून पाहिली जात. नरसिंहन यांनी आकृतीला वाक्यासारखे मानले. रेषा, टोके व छेदबिंदू हे तिचे मूळ घटक आणि ते एकमेकांना कसे जोडले जातात याचे नियम हे तिचे व्याकरण, अशी ही मांडणी होती. या पद्धतीत आकृतीला केवळ नाव मिळत नाही, तर तिची घडणही सांगता येते. १९६२ व १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनातून आकृतिबोधाच्या वाक्यरचनात्मक शाखेचा पाया घातला गेला. भारतात परतल्यावर हाताने लिहिलेली इंग्रजी अक्षरे ओळखण्यासाठीही त्यांनी ही पद्धत वापरली. इलिअ‍ॅक ३ हे यंत्र १९६८ मध्ये आगीत नष्ट झाले. नरसिंहन यांनी मांडलेली कल्पना मात्र टिकली.

संस्थात्मक कार्य

भारतात परतल्यावर नरसिंहन यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणक विभागाचे नेतृत्व केले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात या संस्थेत 'ओल्डॅप' हा संगणक बांधला गेला. टिफ्रॅकच्या निर्मितीत तयार झालेल्या पी. व्ही. एस. राव यांचा त्यात प्रमुख सहभाग होता. १९६५ मध्ये भारतीय संगणक समाजाची स्थापना झाली, तेव्हा नरसिंहन यांची पहिले अध्यक्ष म्हणून निवड झाली.

संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने मुंबईत स्थापन झालेल्या सॉफ्टवेअर विकास व संगणन तंत्र राष्ट्रीय केंद्राची उभारणी त्यांनी केली. पुढे हेच केंद्र सॉफ्टवेअर तंत्रज्ञान राष्ट्रीय केंद्र म्हणून जुहू येथे स्वतंत्रपणे नावारूपास आले आणि नंतर सी-डॅक या संस्थेत विलीन झाले. भारतातील संगणक जाळ्यांच्या आरंभकाळात या केंद्राचा मोठा वाटा होता. मराठी कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी देवनागरी व इतर भारतीय लिप्यांच्या संगणकीय टंकांचे काम येथेच केले. विंडोज प्रणालीतील 'मंगल' हा देवनागरी टंक त्या कामाचे फळ आहे.

१९७५ मध्ये स्थापन झालेल्या सीएमसी या सरकारी कंपनीच्या उभारणीतही नरसिंहन यांचा सहभाग होता. १९७८ मध्ये आयबीएम कंपनी भारतातून बाहेर पडली. तिची देशभरातील यंत्रे मूळ निर्मात्याच्या पाठबळावाचून चालू ठेवण्याची जबाबदारी सीएमसीवर आली. दुसऱ्याने बांधलेल्या यंत्राचे अंतरंग समजून घेण्याचे जे कौशल्य १९५० च्या दशकात मूठभर लोकांनी कमावले होते, त्याची आता रुग्णालयांपासून रेल्वेपर्यंत सर्वांना चालणाऱ्या संगणकांसाठी देशव्यापी गरज निर्माण झाली.

भाषा व बोधन

उत्तरायुष्यात नरसिंहन यांचे लक्ष माणसाच्या भाषावर्तनाकडे वळले. लहान मूल भाषा कशी आत्मसात करते, हे केवळ वाक्यरचनेच्या नियमांनी स्पष्ट होत नाही. मूल भाषेने काय साधते, म्हणजे मागणे, नाकारणे, दाखवणे, विचारणे, यांपासून आरंभ करावा लागतो, अशी त्यांची भूमिका होती. 'मॉडेलिंग लँग्वेज बिहेव्हिअर' (१९८१) व 'लँग्वेज बिहेव्हिअर' (१९९८) या ग्रंथांत त्यांनी ती मांडली. २००४ मध्ये त्यांचे कृत्रिम बुद्धिमत्तेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. साक्षरतेच्या पाश्चात्त्य व भारतीय अनुभवांची तुलना करणारा त्यांचा ग्रंथही याच काळातील आहे. लेखनाचा आधार न घेता प्रचंड वाङ्मय पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत राखणाऱ्या भारतीय परंपरेला पाश्चात्त्य साक्षरतेच्या कल्पना जशाच्या तशा लावता येतील का, हा त्यातील विचाराचा विषय होता.

निवृत्तीनंतर नरसिंहन बंगळूर येथे स्थायिक झाले आणि तेथे सीएमसीशी संबंधित राहून त्यांनी लेखन व संशोधन चालू ठेवले. ३ सप्टेंबर २००७ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

टिफ्रॅकविषयी दोन प्रकारची मते व्यक्त होतात. एका मतानुसार तयार संगणक विकत मिळत असताना सहा वर्षे खर्चून कालबाह्य तंत्राचे यंत्र बांधणे व्यवहार्य नव्हते. या यंत्रापासून कारखानदारीही उभी राहिली नाही. दुसऱ्या मतानुसार विकत घेतलेल्या यंत्राने आकडेमोड झाली असती, परंतु यंत्र का चालते आणि का बिघडते हे सांगू शकणारी माणसे तयार झाली नसती. दोन्ही मतांमागे तथ्य आहे. टिफ्रॅकच्या सांगाड्यातील नलिका काही वर्षांतच निरुपयोगी ठरल्या. ते बांधणाऱ्यांनी मात्र पुढील तीन दशके भारतातील संगणक प्रयोगशाळा, प्रशिक्षण केंद्रे व व्यावसायिक संस्था घडवल्या.

नरसिंहन यांच्या स्वतःच्या कार्यातही एक सातत्य दिसते. अहवालांवरून संगणक, ठिपक्यांवरून आकृतीचे व्याकरण आणि बोबड्या बोलांवरून भाषेची घडण, अशा तिन्ही ठिकाणी समोर दिसणाऱ्या परिणामावरून त्यामागील रचना शोधणे हीच त्यांच्या संशोधनाची पद्धत होती. भारतातील संगणकशास्त्रीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.